आल्या पावली

वेबसाइट चालवणाऱ्याच्या हाती दर महिन्याला जो अहवाल पडतो, त्यात एक टक्केवारी हमखास असते आणि ती हमखास झोप उडवते. तिचं नाव बाउन्स रेट. शंभर जण वेबसाइटवर आले आणि त्यांतले सत्तर जण पहिल्याच पानावरून, दुसरीकडे कुठेही न वळता, आल्या पावली परत गेले, तर बाउन्स रेट सत्तर टक्के. व्याख्या इतकी सुटसुटीत आहे की ती कळली असं वाटून माणूस थेट उपायांच्या मागे लागतो. बटणाचा रंग बदलून पाहतो, पॉप-अप लावतो, मुख्य पानावर सरकते फोटो टाकतो, नाहीतर ‘तीन महिन्यांत चाळीसच्या खाली आणून देतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या एजन्सीला पैसे देतो. आकडा कधी कधी उतरतोही. धंदा मात्र होता तिथेच राहतो.

हे पुस्तक या घाईला आवर घालण्यासाठी लिहिलं आहे. माणूस गेला, एवढंच बाउन्स रेट सांगतो. काम झालं म्हणून गेला की वैतागून गेला, याबद्दल तो मुका आहे. ते शोधून काढणं आपल्याकडे लागतं, आणि ते शोधलं की दुरुस्तीची जागा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते: लिंकने वाचकाला जो शब्द दिला आणि पानाने जो पाळला, त्या दोहोंमधल्या अंतरात. ते अंतर कमी करायचं. मग आकडा कधी उतरेल, कधी चढेलही. या प्रस्तावनेत मला एवढीच गोष्ट नीट मांडायची आहे, कारण ती पटली तर पुढची प्रकरणं उपयोगी पडतील. नाही पटली तर ती नुसती युक्त्यांची यादी वाटेल.

आधी मोजमाप कसं होतं ते पाहू. एके काळी वेबसाइटची मोजदाद ‘हिट्स’वर चालायची. पानाच्या तळाशी चौकटीत वाढत जाणारा आकडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते दिवस आठवतील. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट खुलं केलं. मोठ्या कंपन्यांनाच परवडणारं साधन छोट्या दुकानदाराच्या, संस्थेच्या, एकट्या लेखकाच्याही हाती आलं. बाउन्स रेट लोकप्रिय करण्यात वेब अ‍ॅनालिटिक्सवर लिहिणारे अविनाश कौशिक यांचा मोठा वाटा आहे. त्याचं वर्णन ते तीन क्रियापदांत करत: आलो, ओकलो, गेलो. वर्णन झणझणीत आहे आणि लक्षातही राहतं. पण त्यातलं मधलं क्रियापद हा अंदाज आहे. मोजलं जातं ते फक्त पहिलं आणि तिसरं.

जुन्या पद्धतीत, म्हणजे युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्समध्ये, पान उघडलं की ब्राउझर गूगलच्या सर्व्हरला एक निरोप पाठवायचा. त्यानंतर दुसरा निरोप गेलाच नाही, तर ती भेट बाउन्स. पानावर किती वेळ थांबले हेही दोन निरोपांमधल्या वेळेवरून काढलं जायचं. निरोप एकच असेल तर वेळ शून्य. म्हणजे पीएफ कसा काढायचा यावरचा तुमचा लेख कुणी कागद-पेन घेऊन नऊ मिनिटं वाचला, हवं ते उत्तर मिळालं आणि टॅब बंद केली, तर अहवालात नोंद व्हायची ती शून्य सेकंद आणि बाउन्स अशी. चुकून बोट लागून आलेल्याचीही नोंद तीच.

१ जुलै २०२३ पासून ही पद्धत बंद झाली. आता आहे ते गूगल अ‍ॅनालिटिक्स ४. यात हिशेब दुसऱ्या टोकाकडून सुरू होतो. आधी ‘गुंतलेली’ भेट कोणती ते ठरतं: पान दहा सेकंदांहून जास्त वेळ डोळ्यांसमोर राहिलं, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा आपण महत्त्वाची म्हणून नोंदवलेली एखादी कृती घडली. यांतलं काहीच झालं नाही तर बाउन्स. गंमत म्हणजे नव्या पद्धतीत सुरुवातीला बाउन्स रेट नव्हताच. तो २०२२च्या जुलैत परत आला; नाव तेच राहिलं, अर्थ बदलला. तेव्हा जुन्या अहवालातले सत्तर आणि नव्यातले पंचेचाळीस शेजारी ठेवून सुधारणा झाल्याचं सांगणाऱ्याने आधी पद्धत कधी बदलली ते बघावं. शिवाय दहा सेकंदांची ही मर्यादा आपल्याला साठपर्यंत वाढवता येते. वेबसाइटला हातही न लावता, एका सेटिंगने हा आकडा चढू शकतो.

आता तारकर्लीच्या एखाद्या होमस्टेची वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. ठाण्यातली एक बाई गुरुवारी रात्री मोबाइलवर ‘तारकर्ली होमस्टे भाडं’ असं शोधते आणि लिंकवर बोट ठेवते. पान उघडतं, वरच दोन खोल्यांचे दर दिसतात, जेवण धरून की जेवणाशिवाय तेही कळतं, खाली फोन नंबर असतो. ती नंबरवर बोट ठेवते, फोन लागतो, शनिवार-रविवारची खोली ठरते. पानावर ती थांबली ती जेमतेम आठ सेकंद. मालकाच्या दृष्टीने याहून चांगली भेट नाही. अहवालात मात्र ती बाउन्स. फोन नंबरवर पडलेलं बोट अ‍ॅनालिटिक्स आपणहून मोजत नाही; ते मोजण्याची व्यवस्था आपल्याला करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाचं थोडं वेगळं. ती लिंक बाहेरच्या पत्त्यावर जाते, त्यामुळे संबंधित सेटिंग चालू असेल तर तिची नोंद होते. पण ती कृती महत्त्वाची आहे हे आपण सांगितल्याशिवाय अ‍ॅनालिटिक्सला कळत नाही.

त्याच रात्री दुसरी बाई शेजारच्या होमस्टेच्या पानावर येते. तिथे समुद्राचे सहा फोटो आळीपाळीने सरकतात. प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून काढला तसाच चढवलेला, चार-पाच एमबीचा. ते उतरेपर्यंत पांढरा पडदा. मग ‘निसर्गाच्या सान्निध्यात आपलं सहर्ष स्वागत’. मग कोकणच्या सौंदर्यावर दोन परिच्छेद. दर कुठेच नाहीत. ‘दरांसाठी संपर्क साधा’ असं लिहिलेलं. फोन नंबर आहे, पण तो बॅनरच्या चित्रात रंगवलेला आहे, त्यामुळे त्यावर कितीही वेळा बोट ठेवलं तरी काही होत नाही. दहा आकडे पाठ करा, नाहीतर कागद शोधा. दहा सेकंद भरायच्या आत ती मागे जाते आणि यादीतलं पुढचं नाव उघडते. हीसुद्धा बाउन्स.

अहवालात या दोन भेटींची किंमत सारखी. पहिल्या मालकाने आकडा पाहून घाबरून पान बदललं तर तो चालू धंदा बिघडवेल. दुसऱ्याने ‘आपल्या व्यवसायात सत्तर टक्के चालायचेच’ अशी समजूत करून घेतली, तर बॅनरमधला तो नंबर आणखी चार हंगाम तसाच राहील. शोधयंत्रांच्या बाबतीत गूगलच्याच संशोधकांनी २००९ मध्ये असा मुद्दा मांडला होता: निकालांच्या यादीतच उत्तर मिळाल्यामुळे कुणी एकाही लिंकवर गेलं नाही, तर ते निघून जाणं यशात धरलं पाहिजे. वेबसाइटच्या मालकांनी हा भेद अजून पुरता अंगी बाणवलेला नाही.

माणूस इतक्या चटकन का निघतो, याचं एक चांगलं उत्तर नव्वदच्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतून आलं. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी माहिती शोधणाऱ्या माणसाची सांगड चारा शोधणाऱ्या प्राण्याशी घातली. प्राणी वासाच्या मागावर जातो. वास वाढत गेला तर पुढे सरकतो, विरला तर दुसरी जागा बघतो, आणि पुढची जागा जितकी जवळ तितक्या लवकर हातातली सोडतो. लिंकचे शब्द, मथळा, सोबतचं चित्र हा माहितीचा वास. पान उघडल्यावर तो वास टिकला नाही तर पुढचं कुरण एका ‘बॅक’च्या अंतरावर असतं. तेव्हा आल्या पावली परत जाणाऱ्याला चंचल ठरवून आपली सुटका होत नाही. तो हिशेबाने वागतो आहे.

या हिशेबाला किती वेळ लागतो, हेही मोजून झालं आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या चाओ लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दोन लाखांहून जास्त पानांवर लोक किती वेळ थांबतात ते तपासलं. जवळजवळ सगळ्या पानांवर एकच चित्र दिसलं: निघून जाण्याचा धोका पहिल्या काही सेकंदांत सर्वांत मोठा, आणि माणूस जसजसा थांबत जातो तसतशी त्याची निघण्याची शक्यता घटत जाते. पहिल्या दहा सेकंदांत पानाने ‘तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात’ एवढं पटवलं तर पुढचं सगळं सोपं. म्हणून या पुस्तकाचा मोठा भाग पानाच्या वरच्या एका पडद्याविषयी आहे, बोट वर सरकवण्याआधी मोबाइलवर जेवढं दिसतं तेवढ्याविषयी.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी ‘निकाल पाहण्यासाठी थेट लिंक’ असा मथळा मिरवणारी शेकडो पानं उगवतात. आत गेल्यावर मंडळाची ओळख, गेल्या वर्षीची टक्केवारी, निकाल कधी लागू शकतो याचे तर्क, मध्ये तीन जाहिराती, आणि सातव्या परिच्छेदाखाली ती लिंक. जीव मुठीत धरून बसलेला विद्यार्थी आणि त्याच्या मागे उभे असलेले आईबाप ते पान मिनिटभर खालीवर करतात. अ‍ॅनालिटिक्सच्या लेखी ही सगळी ‘गुंतलेली’ माणसं. बाउन्स रेट झकास. त्या घरात त्या वेबसाइटविषयी काय बोललं जातं, ते कुठल्याच अहवालात येत नाही. कमी बाउन्स रेट म्हणजे चांगलं पान, हे समीकरण इथे साफ कोसळतं.

वेगाबद्दल फार सांगायची गरज नाही, कारण त्यावर दुमत नाही. पान उघडायला एकाऐवजी तीन सेकंद लागले तर मोबाइलवरचा माणूस परत जाण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढते आणि पाच सेकंद लागले तर ९० टक्क्यांनी, असं गूगलने २०१७ मध्ये मांडलं. २०२० पासून गूगलने यासाठी ठरावीक मापं दिली आहेत. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा. वाचता वाचता मजकूर उड्या मारतो त्याचं माप ०.१च्या आत असावं. बोट ठेवल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यावा. हे शेवटचं माप मार्च २०२४ मध्ये आलं. ‘द इकॉनॉमिक टाइम्स’चं उदाहरण या संदर्भात नेहमी दिलं जातं. त्यांनी पहिलं माप अडीच सेकंदांवर आणलं, उड्यांचं ०.२५ वरून ०.०९ वर आणलं, आणि त्यांचा बाउन्स रेट ४३ टक्क्यांनी सुधारला.

मराठीत पान वेगवान करताना एक वेगळी अडचण येते आणि इंग्रजी पुस्तकांत तिचा उल्लेखही नसतो. देवनागरी फॉन्टात जोडाक्षरं, रफार, वेलांट्यांची वेगवेगळी रूपं धरून चिन्हांची संख्या रोमन फॉन्टापेक्षा बरीच जास्त असते, म्हणून फाइलही जड. ती उतरेपर्यंत मजकूर लपवून ठेवायचा अशी रचना असेल, तर कमी रेंज असलेल्या वाचकाला मथळ्याच्या जागी कोरी पट्टी दिसते. फोनमधल्या देवनागरीत मजकूर आधी दाखवायचा आणि आपला फॉन्ट आला की बदलायचा, ही सोय एका ओळीच्या कोडने होते. पण दोन्ही फॉन्टांच्या अक्षरांची रुंदी फार वेगळी असेल तर ओळी मोडतात आणि वाचणाऱ्याच्या नजरेखालून परिच्छेद सरकतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेलं असलं तर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात, कधी कापलेही जातात. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदली नसेल, तर अनेक फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. यांतल्या एकेका गोष्टीने कुणी पान सोडत नाही. पण पहिल्या दहा सेकंदांत वाचक जो अंदाज बांधतो, त्यात ‘हे आपल्यासाठी केलेलं दिसत नाही’ ही नोंद अशाच बारीकसारीक गोष्टींनी पडते. म्हणून या विषयाला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

सर्वांत जास्त फसवते ती सरासरी. समजा, एका वेबसाइटवर महिन्यात ५,००० भेटी झाल्या. १,००० मुख्य पानावर, तिथला बाउन्स रेट ३५ टक्के. उरलेल्या ४,००० फेसबुकवर गाजलेल्या एका लेखावर, तिथला ८५ टक्के. सगळ्या वेबसाइटचा मिळून ७५ टक्के. पुढच्या महिन्यात त्या लेखाची हवा ओसरली आणि तिथे ५०० च भेटी झाल्या. दोन्ही पानांचे दर जिथल्या तिथे. तरी सगळ्या वेबसाइटचा बाउन्स रेट आता सुमारे ५२ टक्के. कुणी काही केलं नाही, आणि बैठकीत मात्र एखाद्याची पाठ थोपटली जाणार. तेव्हा सगळ्या वेबसाइटचा मिळून येणारा बाउन्स रेट हा आकडा पाहणंच सोडा. पाहायचा तो पानागणिक, आणि त्या पानावर माणसं कुठून आली त्यानुसार: शोधातून, जाहिरातीतून, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून की थेट पत्ता टाकून. मोबाइल आणि संगणक वेगळे काढायचे. भेटी चाळीस-पन्नास असतील तर टक्केवारी काढायचीच नाही. चार माणसं इकडची तिकडे झाली की दहा टक्क्यांचा फरक पडतो.

बाउन्स रेट संशयास्पद कमी असला तरी आधी आनंद मानू नये. जुन्या पद्धतीत मोजणीचा कोड पानावर चुकून दोनदा बसला की प्रत्येक भेटीला दोन निरोप जायचे आणि बाउन्स रेट दोन-तीन टक्क्यांवर यायचा. नव्या पद्धतीतही आपोआप घडणारी एखादी गोष्ट, समजा स्वतःहून सुरू होणारा व्हिडिओ, कुणी महत्त्वाची कृती म्हणून नोंदवली असेल तर येणारा प्रत्येक जण गुंतलेला ठरतो. आकडा फार चांगला दिसला की कोड तपासायचा, हा नियम बाळगावा.

आकडा उतरवण्याच्या काही युक्त्या खरोखर चालतात, आणि म्हणूनच त्यांच्यापासून सावध राहायचं. एक लेख दहा पानांत तोडायचा. फोटोगणिक नवं पान उघडायचं. ‘बॅक’ दाबलं तरी वाचकाला बाहेर पडू द्यायचं नाही. आल्या आल्या नोटिफिकेशनची परवानगी मागायची आणि ती खिडकी बंद करण्याची फुली नखाएवढी ठेवायची. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा आगंतुक खिडक्यांची पानं १० जानेवारी २०१७ पासून गूगलने शोधात मागे ढकलायला सुरुवात केली. उलट, बाउन्स रेट चढला की गूगलमधला क्रमांक घसरतो ही समजूत मात्र खरी नाही. क्रम लावताना अ‍ॅनालिटिक्समधली माहिती वापरली जात नाही, असं गूगलच्या लोकांनी अनेकदा सांगितलं आहे. या भीतीवर चालणारा उपायांचा बाजार मोठा आहे. वाचकाने त्यात पैसे घालू नयेत.

पुस्तकाची रचना या विचारातूनच आली आहे. पहिल्या भागात फक्त मोजमाप आहे: फोन, व्हॉट्सअ‍ॅप, फॉर्म, नकाशा, डाउनलोड यांच्या नोंदी कशा लावायच्या आणि जुना अहवाल नव्याशी का जुळत नाही. हा भाग रुक्ष आहे, पण तो टाळून पुढे गेलात तर समाधानी आणि वैतागलेले वाचक एकाच ढिगात राहतील. दुसऱ्या भागात पान कसं वाचायचं ते आहे. एक पान घ्यायचं, त्यावर आणणारी लिंक शोधायची, लिंकचे शब्द कागदावर लिहायचे आणि पानाच्या पहिल्या पडद्यावर त्यांचं उत्तर आहे का ते बघायचं. हे काम घरातल्या किंवा ऑफिसातल्या, वेबसाइटशी संबंध नसलेल्या माणसाच्या फोनवर करावं. मालकाला आपलं पान नीट दिसत नाही. त्याला नंबर कुठे आहे ते आधीच ठाऊक असतं. तिसऱ्या भागात दुरुस्त्या आहेत, फोटो हलके करण्यापासून मथळा लिहिण्यापर्यंत. एका वेळी एकच दुरुस्ती करायची, हा आग्रह तिथे सारखा येईल. शेवटच्या भागात काही पानांचे दर तसेच सोडून का द्यावेत ते आहे: शब्दकोशाचं पान, दवाखान्याच्या वेळांचं पान, रेल्वेच्या वेळापत्रकाचं पान. इथे माणूस येतो, बघतो, जातो. त्याने आणखी रेंगाळावं अशी अपेक्षा धरणं हा आगाऊपणा आहे.

पुस्तक वाचायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. ज्यांनी पुतण्याकडून किंवा ओळखीच्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली आणि पुढे तिचं काय करायचं हे ज्यांना उमगलं नाही, त्यांना समोर ठेवून ते लिहिलं आहे. एजन्सीत काम करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडावं, निदान ग्राहकाला ‘हा आकडा आम्ही उतरवणार नाही, आणि का ते सांगतो’ असं म्हणायला.

कारण हे म्हणायची वेळ येतेच. तारकर्लीच्या त्या दुसऱ्या मालकाने उद्या दर वरच लिहिले, फोटो हलके केले, नंबरवर बोट ठेवता येईल असं केलं, तर दोन गोष्टी घडतील. ज्यांना दर परवडतात ते फोन करतील. ज्यांना परवडत नाहीत ते पाच सेकंदांत परत जातील. आतापर्यंत ते दर शोधत मिनिटभर भटकत होते आणि गुंतलेल्यांत मोजले जात होते. फोन वाढतील आणि कदाचित बाउन्स रेटही वाढेल. त्या दिवशी अहवाल बघून जो मालक पान पूर्ववत करायला सांगणार नाही, त्याला या पुस्तकातलं मुख्य ते कळलं. बाकीचं सगळं तपशिलाचं काम आहे, आणि ते पुढच्या पानापासून सुरू होतं.